पेट्रोल ट्रकचे शेवटचे हंगाम : कोल्हापूरच्या एका गूळ वाहतूकदाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचा बाजार भरत असे. त्या बाजारामागच्या एका गल्लीत १९५० च्या दशकात तीन ट्रकांचा धंदा होता. मालकांना सगळे आण्णा म्हणत. इथेही तेवढंच नाव पुरे. त्यांच्या नातवाने जपलेल्या चार वह्या आणि त्या घरात अजून सांगितल्या जाणाऱ्या हकिकती यांवरून हे टिपण केलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. छोट्या वाहतूकदारांच्या बैठकीत "सीएनजी घ्यावी का, थांबावं का" असा विषय निघाला की मी हे प्रकरण काढतो. सहा दशकांहून जुनं असलं तरी त्यातली घालमेल ओळखीची वाटते.

तीन गाड्या म्हणजे लढाईनंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या मालातून, घेतलेली एक शेव्हरलेट आणि दोन बेडफर्ड. तिन्ही पेट्रोलवर. त्यात वेगळं काही नव्हतं, तेव्हा रस्त्यावर जे दिसे ते बहुतेक पेट्रोलचंच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटी सुरू झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, शेव्हरलेट, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शिअल, अल्बियन अशा दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या. आण्णांनी तर युद्धकाळात पेट्रोल रेशनवर असताना मागे कोळशाची भट्टी लावलेली गाडीही हाकली होती. त्यामुळे पेट्रोल ही त्यांच्या लेखी चैनच होती. बटण दाबलं की गाडी सुरू!

हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत, गुळाच्या ढेपा भरून मुंबईला मशीद बंदरात जायचं आणि येताना मीठ, किराणा, लोखंड, मिळेल ते आणायचं. एका बाजूचं अंतर सुमारे २५० मैल. कराड, सातारा, मग खंबाटकी, कात्रज, पुणे, शेवटी बोरघाट उतरून खोपोली, पनवेल आणि मुंब्र्यावरून ठाणे. वाशीच्या पुलाचं तेव्हा नावही नव्हतं.

अडचण

१९५७ च्या हंगामात आण्णांच्या वहीत एक नवा रकाना दिसतो, "थांबा". गाडी कुठे किती वेळ उभी राहिली, त्याची नोंद. खंबाटकी चढताना गाडी भरलेली, ऊन वर आलेलं, इंजिन तापलेलं. तेवढ्यात पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडायचं आणि इंजिन फडफड करत बंद पडायचं. क्लीनरच्या सीटखाली एक डबा पाणी आणि गोणपाटाचा तुकडा कायम असे. बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं गोणपाट गुंडाळायचं, वाफ बसेपर्यंत बिडी ओढायची आणि पुन्हा स्टार्टर मारायचा. एका चढात हे दोनदा, कधी तीनदा. वहीत "खंबाटकी, फडकं, पाऊण तास" अशी नोंद अकरा वेळा आहे.

दुसरी अडचण सुट्या भागांची. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला जोडणी कारखाना होता. सरकारने "इथे बनवणार असाल तर राहा, नुसती जोडणी नको" असं धोरण घेतलं आणि १९५४ मध्ये तो बंद झाला. फोर्डही त्याच सुमारास गेली. शेव्हरलेटचे व्हॉल्व्ह नि रिंगपिस्टन मग जुन्या बाजारात हुडकायची वेळ आली. आणि व्हॉल्व्ह तर वारंवार लागत. भरल्या गाडीने तासन् तास फुल अ‍ॅक्सिलरेटरवर घाट चढायचा म्हटलं की पेट्रोल इंजिनचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणारच.

तिसरी अडचण शेजारच्या गल्लीतली. १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढायला सुरुवात केली होती, आणि मद्रासकडे अशोक लेलँड उभी राहत होती. १९५७ मध्ये त्या गल्लीतल्या एकाने टाटा-मर्सिडीज आणली. तो अडत्यांना आण्णांपेक्षा कमी भाडं सांगू लागला आणि तरी त्याला परवडत होतं. अडत्यांनी आण्णांकडे दर उतरवून मागितले. आण्णांनी एक हंगाम दर उतरवले. तोटा भरून काढायला ड्रायव्हरांनी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायला सुरुवात केली. ते त्या काळी सर्रास चाले, पण न जळलेलं रॉकेल खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करतं. मार्च १९५८ मध्ये एका बेडफर्डचे बेअरिंग गेले.

फरक नेमका कशाचा होता

इथे थोडं थांबतो, कारण डिझेलची सरशी फक्त स्वस्त दरामुळे झाली असं अनेकांना वाटतं. दर कमी होता हे खरंच, पण इंजिनातला फरक त्याच्याही आधीचा आहे.

आण्णांच्या बेडफर्डचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, सहा-साडेसहास एक. त्या काळच्या पेट्रोलवर त्याहून वर नेलं की इंजिन ठोके मारायचं. डिझेलमध्ये नुसती हवा दाबली जाते, म्हणून पर्किन्स कंपनीच्या पी ६ या डिझेल इंजिनला सोळास एकच्या वर जाता येई. जास्त दाबलेल्या हवेत तेवढ्याच तेलातून जास्त काम निघतं. शिवाय एका गॅलन डिझेलमध्ये गॅलनभर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही अधिक असते. भरल्या गाडीला आण्णांच्या वहीप्रमाणे गॅलनला ८ मैल पडत. पुढे डिझेल बसवल्यावर तीच गाडी १३ मैल देऊ लागली. डिझेल लवकर उडत नाही, त्यामुळे घाटातलं गोणपाटही सुटलं. प्लग, पॉइंट, कॉइल यांचा पावसाळ्यातला त्रास गेला.

मग पेट्रोल इतकी वर्षं टिकलं का? कारण पेट्रोल इंजिन हलकं, शांत, विकत घ्यायला स्वस्त आणि कोणत्याही गल्लीतल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येण्यासारखं होतं. अमेरिकेत तर हे गणित आणखी दोन दशकं पेट्रोलच्या बाजूने राहिलं. आण्णा पेट्रोल सोडायच्या घाईत होते त्याच १९६० मध्ये जनरल मोटर्सच्या जीएमसीने ट्रकसाठी ७०२ घनइंचाचं, म्हणजे साडेअकरा लिटरचं बारा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बाजारात आणलं. बेडफर्डच्या साडेतीन लिटरसमोर हे धूड! तिकडे पेट्रोल स्वस्त होतं आणि डिझेल गाडीची जादा किंमत मधल्या वजनाच्या ट्रकवाल्याला लवकर वसूल होत नव्हती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ते गणितही उलटलं. जीएमसीची मोठी पेट्रोल व्ही-६ सत्तरच्या दशकाच्या मध्यात थांबली, फोर्डची ५३४ घनइंची 'सुपर ड्यूटी' ऐंशीच्या सुरुवातीपर्यंत कशीबशी चालली. आपल्याकडे पेट्रोलची चैन परवडत नव्हती म्हणून तोच बदल आधी झाला, एवढंच.

समोरचे पर्याय

१९५८ च्या पावसाळ्यात गाड्या उभ्या असताना आण्णांनी, त्यांच्या मेहुण्यांनी आणि गॅरेजच्या मिस्त्रींनी बसून जे बोलणं केलं, त्याचा सारांश वहीच्या मागच्या पानावर आहे.

पहिला पर्याय, आहे तेच चालवायचं. इंजिनं बोअर करून घ्यायची आणि भाड्याला मुकायचं नाही. मिस्त्रींचं मत हेच. दुसरा, नव्या टाटा-मर्सिडीजसाठी नंबर लावायचा. पण नंबर येईपर्यंत किती महिने जातील याचा भरवसा नाही आणि बँका तेव्हा ट्रकवाल्याला दारात उभं करत नसत; पैसा सावकाराकडून, त्याच्या व्याजाने. तिसरा, चेसिस तीच ठेवून मद्रासला सिम्पसन कंपनीकडे बनणारं पर्किन्स पी ६ इंजिन बसवायचं. चौथा मेहुण्यांचा, गाड्या विकून नुसती बुकिंगची अडत करायची. आण्णांनी त्यावर पेन्सिलने एकच शब्द लिहिला आहे, "नाही."

त्याच पानावर एक हिशेब आहे, आणि मला तो फार आवडतो. वर्षाला ४० खेपा म्हणजे २०,००० मैल. आठच्या अ‍ॅव्हरेजने २,५०० गॅलन. तेराच्या अ‍ॅव्हरेजने साधारण १,५४०. म्हणजे दरातला फरक बाजूला ठेवला तरी गाडीमागे ९६० गॅलन वाचतात. (तेराचा आकडा त्यांनी शेजारच्या टाटाच्या ड्रायव्हरला चहा पाजून काढला होता.) पण या हिशेबात एक घर रिकामं राहिलं. चेसिसला काय लागेल, याचं.

पहिला निर्णय

दोन गोष्टी ठरल्या. टाटासाठी नंबर लावून ठेवायचा. आणि तोवर एका बेडफर्डला पी ६ बसवायचं. दिवाळीच्या आधी पुणे रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात काम झालं. इंजिन ४.७ लिटरचं, ८३ हॉर्सपॉवर, बेडफर्डच्या इंजिनापेक्षा चांगलंच जड. पुढच्या कमानींना एकेक पान वाढवलं, माउंटिंग नवीन केलं, रेडिएटरचे ब्रॅकेट जाड केले. आणखी एक भाग वर्कशॉपने सुचवला होता, एक्झॉस्टर. आण्णांनी तो "पुढच्या वेळी" म्हणून काढून टाकला. बिल वाढत चाललं होतं आणि हंगाम तोंडावर आला होता. वर्कशॉपनेही फार आग्रह धरला नाही.

एक्झॉस्टर म्हणजे व्हॅक्यूम पंप. बेडफर्डच्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत होती आणि ती पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमधून फुकट मिळायची: पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, बंद, आत जोरदार ओढ. डिझेलमध्ये ब्रेकला पुरेल अशी ओढ तशी मिळत नाही, ती वेगळ्या पंपाने करावी लागते. तसंच, पाय काढल्यावर पेट्रोल इंजिन गाडीला मागे धरतं, तसं डिझेल धरत नाही. जुन्या ड्रायव्हरच्या पायाला मात्र जुनी सवय.

घाटात काय झालं

पहिल्या दोन खेपांनंतर ड्रायव्हरने येऊन सांगितलं होतं, "आण्णा, ब्रेक जड लागतोय." वहीत ते नोंदलेलं आहे आणि पुढे "पायाला सवय नाही" असा शेरा. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा.  त्या दोन खेपांत निभावून गेलं, आणि निभावलं म्हणजे ठीक आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

पुढे एका खेपेला, जानेवारी १९५९ मध्ये, पहाटे बोरघाट उतरताना गाडी ड्रायव्हरच्या हातातून निघू लागली. पहिले दोन दाब लागले, नंतर पेडल दगडासारखं झालं. टॉपमधून खालच्या गियरला घ्यायचा प्रयत्न एकदा चुकला, दात करकरले आणि गाडी तेवढा वेळ मोकळीच धावली. दुसऱ्या वेळी गियर पडला. तरी वेग पुरेसा उतरेना, म्हणून त्याने डावं चाक डोंगराकडच्या गटारात घातलं आणि गाडी दरडीला घासत थांबवली. क्लीनरने उडी मारून मागच्या चाकाला धोंडा लावला. माणसं वाचली. मडगार्ड, एक टायर आणि बऱ्याच ढेपा गेल्या. गटारात गूळ विरघळून पडला होता आणि दुपारपर्यंत त्यावर मुंग्यांची रांग होती, असं त्या क्लीनरने म्हातारपणीही सांगितलं.

हे वाचताना मला क्लेसी कमिन्स आठवतो. ज्याच्या नावाची इंजिनं आज जगभर आहेत, तोच. १९३१ मध्ये तो स्वतः डिझेल ट्रक घेऊन अमेरिका आडवी पार करत होता, तेव्हा कॅलिफोर्नियातला कहोन पासचा उतार उतरताना त्याचा ट्रक असाच सुटला आणि खालच्या रेल्वे फाटकावर गाडीखाली जाता जाता वाचला. ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे त्याने डिझेललाच ब्रेकचं काम करायला लावणारी युक्ती शोधली आणि १९६१ पासून जेकब्ज कंपनी ती विकू लागली. खुद्द डिझेलवाल्याला जो धडा घाटात शिकावा लागला, तो आण्णांना कागदावर कळायला हवा होता असं म्हणणं जरा कठोर होईल. पण एक्झॉस्टरचं नाव कागदावर होतं, हेही खरं.

दुरुस्तीत एक्झॉस्टर बसला. शिवाय आण्णांनी नियम केला: बोरघाट उतरायला खालच्या गियरमध्येच सुरुवात, मध्ये बदलायचं नाही.

दुसरा निर्णय

उरलेल्या हंगामात डिझेल बेडफर्ड चांगली चालली. तक्रार एकच, सपाटीवर गाडी पळत नाही. पी ६ चा कमाल वेग मिनिटाला २,४०० फेरे. पेट्रोल इंजिन त्याच्या वर सहज जाई. मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारे गियर, मात्र पेट्रोलच्याच हिशेबाचं राहिलं होतं. ड्रायव्हर म्हणे, सातारा-कराड रस्त्यावर एसटी मागे टाकून जाते, लाज वाटते. पण "थांबा"चा रकाना जवळजवळ कोरा, त्यामुळे मशीद बंदरात गाडी पोचायची ती जुन्याच वेळेला, कधी आधी.

खरा त्रास कोल्हापुरात होता. एकदा पाणी शिरलेल्या पिंपातून डिझेल भरलं गेलं. एकदा टाकी कोरडी पडून लाइनमध्ये हवा धरली. मिस्त्रींनी वीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून प्लग नि कार्बोरेटर लावले होते. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाला आवाज ऐकून हात घालता येत नव्हता. त्यांनी तो एकदा खोलला. मग पंप पुण्याला गेला आणि गाडी भर हंगामात नऊ दिवस उभी राहिली. त्यानंतर मिस्त्रींचा अठरा वर्षांचा हाताखालचा पोरगा दोन महिन्यांसाठी पुण्यातल्या पंपाच्या दुकानात पाठवला.

१९५९ च्या पावसाळ्यात प्रश्न आला दुसऱ्या बेडफर्डचा. नंबर अजून आलेला नव्हता. आण्णांनी तिलाही पी ६ बसवलं, यावेळी एक्झॉस्टरसकट आणि डिफरन्शियल बदलून. काम उत्तम झालं. फक्त सहा महिन्यांनी, १९६० च्या सुरुवातीला, टाटाचा नंबर आला तेव्हा हातात पैसे नव्हते. आण्णांनी तो सोडला.

शेव्हरलेटचं मात्र अचूक जमलं. तिला डिझेल बसवण्यात अर्थ नव्हता, सहा व्होल्टच्या वायरिंगपासून सगळं बदलावं लागलं असतं. १९६० मध्ये ती एका तमाशाच्या फडाला विकली. फड एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणार, वर्षाला फार तर चार हजार मैल. आण्णांच्याच हिशेबाने तिथे डिझेलने १९० गॅलन वाचले असते, तेवढ्यासाठी इंजिन कोण बदलणार? पेट्रोल इंजिन वाईट नव्हतं, वर्षाला वीस हजार मैलांच्या कामाला वाईट होतं. अमेरिकेतल्या आगीच्या बंबांनी पेट्रोल इंजिन उशिरापर्यंत धरून ठेवलं, तेही यामुळेच: बंब बराचसा वेळ उभाच असतो आणि बोलावलं की क्षणात निघावा लागतो.

निष्पत्ती

१९६० च्या मेअखेर आण्णांकडे पेट्रोलची एकही गाडी राहिली नाही. दोन डिझेल बेडफर्डांवर त्यांनी शेजारच्या टाटाइतकंच भाडं लावलं आणि सुटलेले तीन अडते परत आले. १९६२ मध्ये मेहुण्यांच्या भागीत टाटा-मर्सिडीज आली. पहिली बेडफर्ड त्याच वर्षी गेली, कारण जड इंजिनाने तिच्या चेसिसला पुढच्या बाजूला तडा पाडला होता. दुसरी १९६७ पर्यंत चालली.

वेगळं काय करता आलं असतं

नातवाचं मत असं की पहिल्याच वर्षी टाटाच घ्यायला हवी होती. मला पटत नाही. १९५८ मध्ये नंबर नव्हता, पैसा नव्हता आणि हंगाम थांबणार नव्हता. पहिली गाडी बदलून घेणं हा त्या घडीचा शहाणपणाचाच मार्ग होता. त्यातून ड्रायव्हर आणि पोरगा दोघे डिझेल शिकले, ते टाटा आल्यावर उपयोगी पडलं.

चूक दुसऱ्या गाडीत झाली, आणि ती काम चांगलं झाल्यामुळे झाकली गेली. एक डिझेल रस्त्यावर आल्यावर दुसरी पेट्रोल बेडफर्ड आणखी एक हंगाम जवळच्या भाड्यांना, निपाणी-सांगलीच्या तंबाखू-हळदीला, लावता आली असती. तिथे मोठा घाट नाही, मैल कमी. तो पैसा नंबरासाठी राखून ठेवला असता तर टाटा दोन वर्षं आधी दारात आली असती. आण्णांनी "पेट्रोल की डिझेल" एवढंच पाहिलं. कोणती गाडी कोणत्या रस्त्याला, हा प्रश्न शेव्हरलेट विकताना सुचला, बेडफर्डच्या वेळी नाही.

एक्झॉस्टरबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. ड्रायव्हरच्या "जड लागतोय"बद्दल मात्र आहे. आज मी ज्यांच्याशी बोलतो त्या मालकांना विचारतो, तुमच्याकडे असं वाक्य लिहून ठेवायला वही आहे का, आणि त्यापुढे शेरा कोण मारतं?

आणि मिस्त्री. त्यांना पुण्याला पाठवायला हवं होतं, असं मी नातवाला म्हणालो. तो म्हणाला, आजोबांनी आधी त्यांनाच विचारलं होतं. मिस्त्रींचं उत्तर होतं, "आण्णा, ह्या वयात पोराच्या पायाशी बसून शिकू व्हय?" पुढे ते स्टँडजवळ मोटारसायकली आणि जीप दुरुस्त करत. तमाशाची शेव्हरलेट कोल्हापुरात आली की ती मात्र त्यांच्याकडेच यायची, आणि तिचे पैसे ते घेत नसत.